सहावीला पूर्णांक संख्या शिकवताना सुरुवात कशाने करावी?

वर्ग_सहावी

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात सहावीला पूर्णांक संख्यांचा पाठ घ्यायचा आहे. मराठी माध्यम, पट ४२, तासिका ३५ मिनिटांची. ओढूनताणून ९ तासिका मिळतील. वर्गात फळा आहे, प्रोजेक्टर नाही, आणि साहित्यावर फार खर्च करता येणार नाही.

अडचण अशी की पाठ चालू असताना मुलं उदाहरणं बरोबर सोडवतात, घटक चाचणीतही गुण मिळवतात, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तेच विचारलं की वहीत असं दिसतं:

−८ > −३
५ + (−८) = १३
−३ − ४ = ७
२ − (−५) = −३
० − ४ = ०

'मायनस मायनस प्लस' हे वाक्य निम्म्या वर्गाला शिकवणीतून आधीच पाठ असतं, त्यामुळे विचार करायची वेळच येत नाही. मला तीन गोष्टी हव्या आहेत: पहिल्या तासाला मुलांना खरोखर गुंतवेल असं काही, वजा करायची संख्याच ऋण असेल तेव्हा हातात धरून दाखवता येईल असं साहित्य, आणि सरावासाठी एखादा खेळ. नुसता नियम सांगून पुढे जायचं नाही, एवढं ठरवलं आहे.

---

खडूफळा

मॅडम, तुम्ही दिलेल्या पाच चुका एका माळेतल्या वाटतात, पण त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. कारण ओळखलं नाही तर भलत्याच ठिकाणी सराव होतो.

० − ४ = ० हे उत्तर प्राथमिकमधून आलेलं असतं. 'तीनातून पाच जात नाहीत, म्हणून शेजारून दशक घ्या' हे वाक्य मुलांनी दुसरीपासून ऐकलेलं आहे. आता तुम्ही म्हणता की तीनातून पाच जातात. हा बदल मोठा आहे आणि तो वर्गात उघडपणे बोलायला हवा. फळ्यावर ३ − १, ३ − २, ३ − ३ लिहा, उत्तरं २, १, ० अशी एकेकाने उतरताना दिसू द्या, मग ३ − ४ लिहून गप्प राहा. 'आजवर आपल्याकडे शून्याच्या खाली संख्याच नव्हत्या, म्हणून जात नव्हते' हे सांगितलं की जुनं वाक्य खोटं ठरत नाही, त्याची हद्द कळते.

−८ > −३ लिहिणारं मूल फक्त अंक बघतं. त्याला जागा दिसायला हवी. आणि −३ − ४ व २ − (−५) या दोन वजाबाक्या चुकतात कारण '−' हे एकच चिन्ह दोन कामं करतं. एकदा ते क्रिया सांगतं, एकदा संख्येची बाजू. म्हणून वाचन पहिल्या दिवसापासून पक्कं करा: २ − (−५) म्हणजे 'दोन वजा ऋण पाच'. 'दोन मायनस मायनस पाच' असं वाचू द्यायचंच नाही. मुलं कंटाळली तरी महिनाभर हा आग्रह सोडू नका.

आता पहिला तास. प्रयोगशाळेतला −१० ते ११० अंशांचा साधा थर्मामीटर घ्या, लाल द्रवाचा असेल तर मागच्या बाकावरूनही दिसतो. थर्मासमध्ये साधारण पाव किलो बर्फ आणा, फडक्यात गुंडाळून बारीक ठेचा आणि स्टीलच्या पेल्यात घाला. दोन चमचे पाणी घालून ढवळा. दोन-तीन मिनिटांत पारा शून्याच्या आसपास येऊन थांबतो. इथे मुलांना विचारा: 'याच्या खाली जाईल का?' बरीच मुलं नाही म्हणतात, कारण बर्फाहून थंड काही त्यांनी पाहिलेलं नसतं.

मग एक लहान चमचा मीठ घाला, ढवळा, वाचा. पुन्हा एक चमचा. पारा शून्याच्या खाली सरकायला लागतो आणि वर्गाचा आवाज बंद होतो. प्रत्येक चमच्यानंतर एका मुलाने वाचन करायचं आणि दुसऱ्याने फळ्यावर लिहायचं: ०, मग −२, −४... नेमके आकडे बर्फ किती बारीक आहे आणि पाणी किती झालं आहे यावर बदलतात. ते पुस्तकासारखे येण्याची गरज नाही. −८ दिसलं की मीठ थांबवा, कारण थर्मामीटरची खूण −१० ला संपते आणि भरपूर मीठ घातलं तर हे मिश्रण −१५ च्याही खाली जाऊ शकतं. मिश्रणात बोट घालू देऊ नका, कातडीला इजा होते. पॉट आईस्क्रीमवाला बर्फात खडेमीठ का टाकतो, याचं उत्तर मुलं स्वतःच देतील.

या प्रयोगात एकच गोष्ट बिघडते: बर्फाचे मोठे खडे आणि भरपूर पाणी. मग पारा ३-४ अंशांवरच अडकतो. बर्फ ठेचलेलाच हवा, आणि थर्मामीटरचा फुगा तळाला न टेकवता बर्फाच्या मधोमध धरायचा.

त्याच तासाला खिडकीशेजारी भिंतीवर उभी पट्टी लावा. २ मीटर लांब कागद, १० सेंटीमीटरवर एक खूण, वर +१०, खाली −१०, मध्ये ० ठळक. प्रयोगातली वाचनं मुलांनीच त्या पट्टीवर चिकटवायची. −८ हे −३ च्या खाली चिकटलेलं रोज समोर दिसतं, त्यामुळे लहान-मोठेपणा शिकवायला वेगळा तास लागत नाही. तुलना आडव्या रेषेपेक्षा उभ्या रेषेवर लवकर कळते, कारण 'खाली म्हणजे कमी' हे मुलांना आधीपासून माहीत असतं.

बेरजेसाठी मात्र जमिनीवरची आडवी रेषा. −१० ते १० म्हणजे २१ खुणा आणि २० अंतरं. ३० सेंटीमीटरवर एक खूण घेतली तर रेषा ६ मीटरची होते. वर्गात बसत नसेल तर व्हरांड्यात काढा. संपूर्ण वर्ग रेषेच्या एकाच बाजूला बसवा. दोन्ही बाजूंना बसवला तर समोरच्या मुलांना धन बाजू डावीकडे दिसते आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

चालायचे नियम दोनच. क्रिया बेरजेची असेल तर तोंड धन बाजूला, वजाबाकीची असेल तर तोंड ऋण बाजूला. पुढची संख्या धन असेल तर पुढे चालायचं, ऋण असेल तर तोंड न वळवता उलट्या पावली मागे जायचं.

−३ − ४ : −३ वर उभं राहा, तोंड ऋण बाजूला, चार पावलं पुढे. पोहोचलो −७ वर.
२ − (−५) : २ वर उभं राहा, तोंड ऋण बाजूला, पाच पावलं मागे. पोहोचलो ७ वर.

दोन ठिकाणी हमखास चुकतं. मूल ज्या खुणेवर उभं आहे तिलाच 'एक' मोजतं आणि उत्तर एकाने हुकतं. यासाठी उभं राहिल्यावर मोठ्याने 'शून्य' म्हणायला लावा, पाऊल टेकलं की 'एक'. दुसरं, तोंड वळवायचं राहून जातं. पुठ्ठ्याचा बाण छातीशी धरायला दिला की बाकीचा वर्गच ओरडून सुधारतो. आणि उदाहरणं आधी तपासून ठेवा. −६ − ७ दिलंत तर मूल रेषेबाहेर व्हरांड्याच्या पायरीवर जाईल.

---

भीमाकाठ

खडूफळा सरांच्या बर्फाला जोड म्हणून एक गोष्ट सुचवतो. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर भागातल्या मुलांना तर ती घरातच ऐकायला मिळते: उजनी धरण.

उन्हाळ्यात वर्तमानपत्रात 'उजनी उणे २० टक्के' अशी बातमी येते. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. मुलांना विचारा: धरण उणे ५० टक्के म्हणजे काय? शून्य म्हणजे कोरडं, मग उणे म्हणजे कोरड्याहून कोरडं? पाच मिनिटं चांगला वाद होतो.

उत्तर असं. उजनीची एकूण क्षमता ढोबळमानाने ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृत साठा, म्हणजे तळातलं, एरवी न वापरायचं पाणी, आणि सुमारे ५४ टीएमसी उपयुक्त साठा. मृत साठ्याची वरची पातळी म्हणजे शून्य. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची. त्यामुळे उणे ५० टक्के म्हणजे शून्याच्या खाली ५४ चा निम्मा, म्हणजे २७ टीएमसी. धरणात त्या दिवशीही ६३ − २७ = ३६ टीएमसी पाणी आहे.

याचा फायदा असा की शून्य म्हणजे 'काहीच नाही' ही समजूत इथे सुटते. शून्य ही आपण ठरवलेली खूण आहे. तापमानात ती पाणी गोठण्याची, उंचीत समुद्रसपाटीची, लिफ्टमध्ये तळमजल्याची, धरणात मृत साठ्याची. कळसूबाई १६४६ मीटर कशापासून, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

कृती: प्लास्टिकची पारदर्शक बाटली घ्या, बुडापासून ८ सेंटीमीटरवर ० ची रेघ मारा, वर आणि खाली एकेक सेंटीमीटरवर खुणा करा. पाणी ओता, काढा, प्रत्येक वेळी वाचन आणि बदल दोन्ही लिहायचं: 'आधी ३, आता −२, बदल −५'. पातळी आणि बदल हे दोन वेगळे रकाने हवेतच. मुलं त्यांची सरमिसळ करतात आणि 'बदल −२' लिहितात. बाटली सरळ कडांची निवडा. कंबर असलेली घेतली तर खुणा सारख्या असूनही पाणी सारखं लागत नाही.

---

त्रैराशिक

हातात धरायच्या साहित्याबद्दल लिहितो, कारण मॅडमचा दुसरा प्रश्न या पाठाचा गाभा आहे. बेरीज कशानेही जमते. ऋण संख्या वजा करणं फक्त अशा साहित्याने कळतं ज्यातून ऋण वस्तू खरोखर उचलून बाजूला ठेवता येते.

सगळ्यात स्वस्त साहित्य म्हणजे फोडलेले चिंचोके. पटाच्या खेळात वापरतात तेच: एक बाजू चॉकलेटी, दुसरी पांढरी. पांढरी वर असेल तर +१, चॉकलेटी वर असेल तर −१. ४२ मुलांच्या २१ जोड्या, जोडीला २४ फाका धरल्या तर ५०४ फाका लागतात, म्हणजे २५२ चिंचोके. काही वेडेवाकडे फुटतात म्हणून ३०० घ्या. चिंचोके भाजू नका आणि भिजवू नका, साल सुटून येते आणि दोन्ही बाजू पांढऱ्या होतात. कडेवर उभा धरून हलका ठोका दिला की दोन फाका होतात. हे काम मोठ्यांनी घरी करावं, मुलांच्या हातात हातोडी नको. चिंचोके मिळाले नाहीत तर दोन रंगांचे कार्डशीट पाठीला पाठ चिकटवून दोन सेंटीमीटरचे चौकोन कापा.

फाकांच्या पहिल्या तासाला एकच गोष्ट: एक पांढरी आणि एक चॉकलेटी मिळून शून्य. याला शून्यजोडी म्हणा. 'किंमत ३ असेल अशी मांडणी करा' असं सांगा. कुणी तीन पांढऱ्या ठेवेल, कुणी पाच पांढऱ्या आणि दोन चॉकलेटी. सगळ्या बरोबर. ही विविधता फळ्यावर काढून ठेवा, वजाबाकीत तीच कामाला येते.

५ + (−८): पाच पांढऱ्या, आठ चॉकलेटी. पाच शून्यजोड्या बाजूला. उरल्या तीन चॉकलेटी, उत्तर −३.

२ − (−५): दोन पांढऱ्या मांडा. आता पाच चॉकलेटी उचलायच्या आहेत, पण त्या टेबलावर नाहीत. म्हणून पाच शून्यजोड्या आत आणा. टेबलावर सात पांढऱ्या आणि पाच चॉकलेटी, किंमत अजूनही २. आता पाच चॉकलेटी उचला. उरल्या सात पांढऱ्या.

मुलं इथे नेमकी काय चूक करतात ते सांगतो. जोड्या न आणता नुसत्या पाच चॉकलेटी आणतात, त्याच उचलतात आणि उत्तर २ सांगतात. म्हणून उचलण्याआधी 'आत्ता किंमत किती?' हा प्रश्न सक्तीचा करा. जोडीदाराने २ म्हटल्याशिवाय फाकेला हात लावायचा नाही.

दुसरी चूक चिंचोक्याच्या दोन रंगांमुळेच होते. मुलं फाक उचलण्याऐवजी पालथी करतात. चॉकलेटी पालथी करून पांढरी केली तर −१ ची +१ होते, म्हणजे किंमत १ ने नाही, २ ने बदलते. बेरीज-वजाबाकी चालू असताना पालथं करणं बंद. ते राखून ठेवा विरुद्ध संख्येसाठी: मांडणी आहे तशी ठेवून सगळ्या फाका पालथ्या केल्या की ४ ची −४ होते. तिथे ही कृती अगदी चपखल बसते.

वहीत दर उदाहरणाला तीन गोष्टी: फाकांचं चित्र (रिकामा गोल म्हणजे धन, भरलेला म्हणजे ऋण), एक वाक्य आणि गणित. नुसतं गणित लिहू दिलंत तर दोन दिवसांत फाका बाजूला पडतात आणि जुना पाठ केलेला नियम परत येतो.

---

वर्ग_सहावी

खूप छान. मिठाच्या प्रयोगाचं आणि चिंचोक्यांचं नक्की ठरलं. चिंचोके मुलांनाच आणायला सांगते.

दोन शंका. शून्यजोड्या बाहेरून आणायच्या म्हटलं की हुशार मुलं अडवतात: 'बाई, नसलेल्या वस्तू कुठून आणल्या?' आणि ज्यांना 'मायनस मायनस प्लस' पाठ आहे त्यांचं काय करावं? त्यांची काही उत्तरं बरोबर येतात, त्यामुळे त्यांना फाका मांडणं पोरखेळ वाटतो.

---

त्रैराशिक

पहिल्या शंकेला उत्तर गुणांचं द्या, ते सहावीच्या मुलालाही लगेच पटतं. बरोबर उत्तराला +४ आणि चुकीच्या उत्तराला −१ अशी पद्धत वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' (NEET) परीक्षेत आहे. समजा एकाची ७ उत्तरं बरोबर आणि ३ चूक. गुण २८ + (−३) = २५. आता चुकलेल्यांपैकी एक प्रश्नच सदोष निघाला आणि त्याचा −१ काढून घेतला. गुण वाढले की कमी झाले? २५ − (−१) = २६. इथे बाहेरून काही आणलेलं नाही. २५ च्या आत ते तीन −१ आधीपासून होतेच, बेरीज केल्यावर दिसेनासे झाले होते. शून्यजोडी आणणं म्हणजे तेच लपलेलं पुन्हा उघडून ठेवणं. वर्गात दहा प्रश्नांची प्रश्नमंजूषा याच गुणपद्धतीने घ्या आणि शेवटी दोन प्रश्न रद्द करून सगळ्यांचे गुण पुन्हा काढायला लावा.

दुसऱ्या शंकेबद्दल. त्या वाक्यावर बंदी घालून काही होत नाही, मुलं मनात म्हणतच राहतात. त्याऐवजी ते वाक्य तपासायला द्या. फळ्यावर चार गणितं लिहा:

−३ − ४
−३ + (−४)
−३ − (−४)
(−३) × (−४)

'मायनस मायनस प्लस' लावून सगळ्यांची उत्तरं काढा म्हणावं, मग पहिली तीन फाकांनी तपासा. −३ − ४ मध्ये दोन उणे चिन्हं दिसतात आणि पाठ असलेला नियम ७ म्हणतो. फाका −७ म्हणतात: तीन चॉकलेटी, चार शून्यजोड्या आणायच्या, चार पांढऱ्या उचलायच्या, सात चॉकलेटी उरतात. खडूफळांची रेषाही −७ च म्हणते. दोन वेगळ्या साहित्यांनी तेच उत्तर आलं की मूल स्वतःच नियमाकडे संशयाने बघतं. हा वाद अर्धा तास चालला तरी चालू द्या.

मूळ वाक्य गुणाकाराचं आहे आणि आपल्या पुस्तकात गुणाकार सातवीला येतो. चौथं गणित फळ्यावर तसंच ठेवा आणि 'हे पुढच्या वर्षी' म्हणा. सहावीत मुलांनी स्वतः शोधून काढायचा नियम एवढाच: वजा करणं म्हणजे विरुद्ध संख्या मिळवणं. तो सांगू नका. दोन रकाने करा, डावीकडे २ − (−५), ४ − ६, −३ − ४, उजवीकडे २ + ५, ४ + (−६), −३ + (−४). सगळी फाकांनी सोडवली की नियम वर्गातूनच येतो.

---

खडूफळा

त्रैराशिक सरांशी सहमत. एक भर: सातवीला जाणाऱ्या मुलांनी हट्टच धरला तर उतरती रांग दाखवा. ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. उत्तरं प्रत्येक वेळी २ ने वाढताहेत. मग (−१) × (−२) ला ही चाल मोडायची नसेल तर २ च यावं लागतं. यापलीकडे सहावीत जाऊ नका.

---

दशमान

कर्जाचं उदाहरण अजून कुणी दिलं नाही. बहुतेक शिक्षक सुरुवात तिथूनच करतात: 'जवळ ५ रुपये, देणं ८ रुपये'. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन, ऋण आणि शून्य यांचे नियम मांडले ते संपत्ती आणि कर्ज याच भाषेत. चीनमध्ये त्याच्याही आधीपासून मोजणीच्या काड्या वापरत, धन संख्येसाठी लाल आणि ऋण संख्येसाठी काळ्या. म्हणजे त्रैराशिक सरांच्या दोन रंगांच्या फाका ही खूप जुनी युक्ती आहे, मुलांना हे जरूर सांगा.

तरी माझं मत आहे की कर्जाने सुरुवात करू नये. कारण तुलना. '५०० चं कर्ज मोठं की २०० चं?' यावर मूल '५०० चं' म्हणतं आणि व्यवहारात ते बरोबरच आहे. पण मग −५०० > −२०० लिहिलं की आपण त्याला चूक देतो. तुमच्या यादीतली पहिली चूक कर्जाच्या उदाहरणाने आणखी घट्ट होते. प्रश्नच बदलायला हवा: 'कुणाची स्थिती बरी?' तरीही उभ्या पट्टीइतकं ते स्वच्छ होत नाही.

दुसरं कारण वर्गातल्या मुलांचं. काही घरांत कर्ज हा रोजचा ताण असतो. 'तुमच्या घरी कर्ज आहे का' असा प्रश्न फळ्यासमोर येता कामा नये. दुकानातली उधारी पुरते. चौथ्या-पाचव्या तासाला, वजाबाकी पक्की करताना ती उपयोगी पडते: दुकानदाराने ५० रुपयांची उधारी वहीतून खोडली, म्हणजे −(−५०), आणि माणूस ५० रुपयांनी वर आला.

---

पाढे_पाठांतर

खेळ राहिला की! 'शून्य गाठा' हा पत्त्यांचा खेळ घ्या. चित्रांची पानं काढून टाका, एक्का म्हणजे १. उरतात ४० पानं. काळी धन, लाल ऋण. काळ्यांची बेरीज ११०, लालांची −११०, म्हणजे अख्ख्या कॅटची बेरीज शून्य. ही गोष्ट मुलांना आधी सांगू नका.

शाळेत पत्ते चालत नसतील तर कार्डशीटची पानं करा: १ ते १० आणि −१ ते −१०, प्रत्येकी दोन. एका ए-फोर कागदातून आठ पानं निघतात, म्हणजे एका संचाला ५ कागद. ४२ मुलांसाठी १० संच, ८ गट चौघांचे आणि २ गट पाच जणांचे.

प्रत्येकाला ५ पानं, उरलेली मध्ये पालथी. आपली पाळी आली की दोनपैकी एक करायचं: गठ्ठ्यातलं वरचं पान घ्यायचं, किंवा हातातलं एक पान गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायचं. पान घेणं म्हणजे बेरीज, देणं म्हणजे वजाबाकी, आणि प्रत्येक पाळीचं गणित वहीत लिहायचं. हाताची किंमत −४ आहे आणि −६ दिलं, तर −४ − (−६) = २. सहा फेऱ्यांनंतर जो शून्याच्या सगळ्यात जवळ तो जिंकला. मध्येच कुणाचा हात बरोबर शून्य झाला तर दाखवून तिथेच डाव संपवायचा.

खरी मजा शेवटी. सगळ्यांच्या हातांची आणि गठ्ठ्यातल्या पानांची बेरीज करायला लावा. ० आली नाही तर कुणाची तरी बेरीज चुकली आहे, गटाने शोधायची. तुम्हाला ४२ वह्या तपासत बसावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी गुलामचोरसारखं खेळा: उजवीकडच्याचं एक पान न बघता ओढायचं. तुमची बेरीज, त्याची वजाबाकी, आणि दोघांच्या हातांची मिळून किंमत तीच राहते. दोघांनीही आपापलं गणित लिहायचं.

घोळ होतो तो लिहिण्यात. खेळाच्या भरात मुलं फक्त शेवटची किंमत लिहितात. 'गणित लिहिलं नाही तर पाळी गेली' हा नियम पहिल्याच फेरीपासून लावा. आणि पहिल्या डावाला ६ च्या वरची पानं बाजूला ठेवा (बेरीज तरीही शून्यच राहते), नाहीतर बोटांवर मोजणारी मुलं मागे पडतात. पाच जणांच्या गटाला तेव्हा ५ ऐवजी ३ पानं वाटा, म्हणजे गठ्ठ्यात पुरेशी उरतील.

---

त्रैराशिक

मॅडम, दिवाळीनंतरच्या चाचणीसाठी तीन प्रश्न देतो. पाठांतराने सुटणार नाहीत, आणि चुकीच्या उत्तरावरून मूल कुठे अडलं आहे ते दिसतं.

१. □ − (−३) = १. उत्तर −२. कुणी ४ लिहिलं तर त्याने कंसातलं उणे वाचलंच नाही, ४ − ३ केलं.

२. −४ पेक्षा ३ ने लहान संख्या लिहा. उत्तर −७. −१ लिहिणाऱ्याला अजून अंकच दिसतोय, त्याला पुन्हा भिंतीवरच्या उभ्या पट्टीकडे न्या, फाकांकडे नको.

३. एका ऋण संख्येतून दुसरी ऋण संख्या वजा करा. उत्तर धन येईल असं एक, ऋण येईल असं एक आणि शून्य येईल असं एक उदाहरण लिहा. −२ − (−५), −५ − (−२), −२ − (−२) अशासारखी कोणतीही चालतील. ज्याला फक्त धनचं उदाहरण सुचलं त्याच्या डोक्यात शिकवणीतलं वाक्य अजून आहे, त्याच्यासमोर चिंचोके ठेवून −५ − (−२) मांडायला सांगा. पाच चॉकलेटी आधीच टेबलावर आहेत, त्यातल्या दोन उचलायच्या, जोड्या आणायचीही गरज नाही. वजाबाकीसाठी शून्यजोड्या आत आणायला शिकवायच्या आधीच्या तासाला वजाबाकीची सुरुवात याच प्रकारच्या उदाहरणांनी करा.